वेंडेल मोएन घरी नाहीत

"वेंडेल मोएन आहेत का?" जोलीनने विचारलं.

"मागच्या मंगळवारी गेले," दारातली म्हातारी म्हणाली. "आत ये. कॉफी घे."

जोलीन सिनेटर टँडे यांच्या फेरनिवडणुकीची पगारी कार्यकर्ती. नॉर्थ डकोटाच्या बोचऱ्या वाऱ्यात यादी घेऊन दारोदार हिंडायचं, ही तिची नोकरी. यादीतला माणूस वारला असेल, तर नावावर काट मारायची. पण ती म्हातारी, म्हणजे वेंडेलची बायको आर्लिसबाई, नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून तिच्यासाठी केक कापत होत्या. त्यांच्यादेखत काट मारायला जोलीनचा हात धजेना. तिने 'घरी नाहीत'वर खूण केली आणि तिथेच घोळ झाला.

कारण 'घरी नाहीत' म्हणजे पुन्हा जा. दुसऱ्या दिवशी दुसरा कार्यकर्ता गेला, केक खाऊन परतला. त्याचाही हात धजला नाही. मग तिसरी गेली. मग फोन सुरू झाले. मग सिनेटरांच्या सहीचं पत्र गेलं : 'प्रिय वेंडेल, तुमच्यासारख्यांच्या जोरावरच मी उभा आहे.'

शेवटी प्रचारप्रमुख ग्रेडी कडाडला, "सहा वेळा घरी नाही? टाळतोय आपल्याला! तळ्यात-मळ्यात चाललंय त्याचं. दोन-तीनशे मतांचा खेळ आहे, साहेबांनाच घेऊन जा!"

"सर, ते ना..."

"ते ना बिते ना काही नको. त्या घरातलं मत हुकलं, तर तुझी नोकरी गेली म्हणून समज."

गाडीत जोलीनने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. सिनेटरांनी स्वतः दार वाजवलं.

"वेंडेल कुठायत? दोन शब्द बोलायचेत."

"चर्चमागच्या दफनभूमीत," आर्लिसबाई म्हणाल्या. "कॉफी घेणार?"

सिनेटरांनी जोलीनकडे असं पाहिलं, की धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. पण अठरा वर्षं खुर्ची टिकवलेला माणूस! टोपी काढून ते टेबलाशी बसले.

"फार वाईट झालं हो."

"तुमची माणसं रोज यांची चौकशी करायची. दुसऱ्या पक्षाचा एक जण आला, माझ्यादेखत नाव खोडलं, पुन्हा कुणी फिरकलं नाही."

सिनेटरांच्या जिवात जीव आला. "मग तुमचं मत..."

"त्या दुसऱ्या पक्षालाच. टपालानं गेलंसुद्धा. हे तुमच्या पक्षाचे कट्टर होते. चाळीस वर्षं दर निवडणुकीत यांचं मत माझ्या मतावर बोळा फिरवायचं, आणि मग आम्ही आठवडाभर भांडायचो." त्यांनी कपात कॉफी ओतली. "यंदा माझं मत पहिल्यांदाच मोजलं जाणार. आणि मला ते मुळीच आवडत नाहीये."