मकबूलचाचांचा एकच कापूस

मकबूलचाचा हॉटेलात कधी दोन चहा सांगत नाहीत. "एक चहा, दोन कपात," असं सांगतात. म्हणजे दोन भरलेले कप, हे आमच्या बेंबळी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. स्टँडवर नवं हॉटेल टाकलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्यानं एकच चहा अर्धा-अर्धा करून आणला. चाचा कौतुकानं मला म्हणाले, "घ्या मास्तर. ह्या गड्याला कळलंय, पर जरा कमी कळलंय."

चाचा गाद्या-उशा भरतात. पूर्वी धनुकलीवर कापूस पिंजायचे, आता मोटारीचं मशीन आहे. पण आजोबांनी धनुकलीच्या तालावर कानात घातलेली गोष्ट अजून निघालेली नाही. असणारा एकच, अल्ला. बाकी सगळ्या खोळी. ह्याला ते 'वहदत' म्हणतात. उशा किती झाल्या विचारा, उत्तर येतं, "एकच."

"अहो, समोर सहा दिसतायत!"

"खोळी सहा हायत मास्तर. आत बघा की."

"माझा कापूस दुसऱ्याच्यात मिसळू नका," असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांना गुदगुल्या होतात. मिसळत मात्र कधी नाहीत. धंदा धंद्याच्या जागी.

या मताला गावात विरोधक म्हणजे मशिदीतले तरुण मौलाना. दुपारची नमाज झाली की दोघं वाद घालतच दुकानापर्यंत येतात.

"चाचा, सगळं त्याचं आहे. सगळं तो नाही. बनवणारा वेगळा, बनलेलं वेगळं."

"आता ह्यो कापूस बघा..."

"कापूस ठेवा बाजूला! त्याच्यासारखं काहीच नाही."

मग चाचा एक चहा दोन कपात मागवतात आणि वाद उद्यावर जातो.

गेल्या वर्षी लेकीच्या लग्नाची गादी भरायला मी घरच्या जुन्या उशा घेऊन गेलो. लग्न चार दिवसांवर आलेलं आणि चाचा नमाजला गेलेले. बसून काय करायचं, म्हणून मीच मशीन सुरू केलं. घरून आणलेल्या उशा उसवून आत घातल्या. फळीवर निळ्या पट्ट्यांची एक उशी होती, तीही आमचीच समजून घातली. कुणाला विचारावं असं वाटलं नाही. उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारायची आम्हा मास्तरांना सवय.

चाचा आले ते मौलानांशी भांडतच. त्यांना रिकामी निळी खोळ दिसली. ती उचलून म्हणाले, "ही खैरूनची व्हती."

खैरूनचाची जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटचं दुखणं त्यांनी त्याच उशीवर काढलं होतं. गावाच्या उशा पिंजणाऱ्या माणसानं ही एकच कधी पिंजली नव्हती. डोक्याचा खळगा पडलेला होता, तशीच ठेवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा ढिगापुढं बसून चिमूट-चिमूट कापूस निवडायला लागले. पिंजलेला कापूस कसला ओळखू येतो? सगळा सारखाच पांढरा. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मौलाना, तुमचंच खरं. येगळं असतंय. मला तिचा येगळा पायजे."

एवढ्या दिवसांचा वाद मौलाना बसल्या जागी जिंकले होते. पण ते चाचांना खेटून बसले. ढिगातला हाताला येईल तो कापूस घेतला आणि निळ्या खोळीत भरायला लागले.

"एकच आहे चाचा," ते म्हणाले. "आजच्या दिवस एकच आहे."

चाचा रडले. मीही रडलो. सगळाच ढीग तुम्ही ठेवून घ्या, म्हणालो तर त्यांनी माझा हात धरला. "नगा मास्तर. लेकीची गादी मोडू नगा. आमाला लेक न्हवती. खैरूनला लेकीची लई हौस व्हती. जाऊ द्या तिला बी लेकीसंगं."

दुसऱ्या दिवशी दोघांचा वाद पुन्हा सुरू झाला, आपापल्या जुन्या जागेवरून.

लेक आता सासरी, माकणीला असते. चाचा भेटले की जावयाचं विचारत नाहीत, सासूचं विचारत नाहीत. एवढंच म्हणतात, "गादीवर झोप लागती न्हवं?"

"लागते चाचा. शांत लागते."

"मग बरी हाय ती," चाचा म्हणतात.

ती म्हणजे कोण, हे मी विचारत नाही. उत्तर माहीत आहे, तरी विचारत नाही.