अंकुरने खर्रा सोडला

"माह्या घरात माह्यापासून लपून काही होत नाही!" हे विमलताईंचं आवडतं वाक्य. शेजारी फोडणी लसणाची पडली की हिंगाची, हे त्या अंगणात बसून सांगत. त्यामुळे पोटच्या मुलाने खर्रा सोडल्याचं बाहेरून कळलं, तेव्हा त्यांना आधी राग आला आणि मागोमाग संशय.

बाहेरून म्हणजे जमीरच्या पानठेल्यावरून. तिथे जमीरने त्यांच्या यजमानांना, नानाजींना हटकलं होतं. "नानाजी, अंकुरभाऊ माह्यावर नाराज हाये काय? आठ दिवस झाले, खर्रा न्यायले आलेच नाही!"

कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा अंकुर दिवसाला चार खर्रे सहज संपवी. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा ऐवज माणूस आपखुशीने सोडतो, असं दिग्रसमध्ये तरी कोणी ऐकलं नव्हतं. सोडायला लावतो तो डॉक्टर. आणि डॉक्टर कधी लावतो, हेही सगळ्यांना ठाऊक!

विमलताईंनी पाळत सुरू केली. पाहतात तो काय, उन्हाळ्यातही कढत पाणी लागणारा मुलगा गार पाण्याने आंघोळ करतोय! साडेनऊच्या ठोक्याला झोपतोय! बायको देईल ते भिजवलेले बदाम मुकाट्याने खातोय! आणि सून प्रेरणा जेवण झालं की पाठमोरी होऊन एक गोळी गिळतेय.

"कायची गोळी व ते?"

"ताकदीची आहे आई," प्रेरणा म्हणाली आणि लगबगीने भांडी घासायला बसली. भांडी तर घासलेलीच होती!

पाळतीच्या तिसऱ्या आठवड्यात समोरच्या शिलाईवाल्या हुस्नाबीने त्यात भर घातली. "विमलताई, अंकुरनं चार चड्ड्या शिवायले टाकल्या. नाडीच्या, ढिल्या. म्हने टाइट बिल्कुल नको! अंगावर काही उठलं काय पोराच्या?"

आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी प्रेरणाचं बोलणं विमलताईंच्या कानावर पडलं, "अंकुर, डॉक्टरनी तीन महिने सांगितले. त्यातला एक तर गेलाच!"

त्या तडक नानाजींकडे गेल्या. एकुलता एक मुलगा, आणि उरले दोन महिने!

"पुसून टाक ना त्याले सरळ," नानाजी गालातला खर्रा सांभाळत म्हणाले.

"कशी पुसू? तो सांगून नाही राह्यला, म्हंजे सांगण्यासारखं नसन ना काही!" असं म्हणून विमलताईंनी डोळ्याला पदर लावला. त्या खरोखर घाबरल्या होत्या. चार दिवस त्यांना घास गोड लागला नाही. शेवटी त्यांनी मुकुटबनला धाकट्या भावाला, नागोरावला फोन केला आणि आधी शपथ घातली.

नागोरावाने शपथ पाळली. त्याने फक्त घरच्यांनाच सांगितलं. घरचे म्हणजे दोन गाड्या भरतील एवढे! आमच्याकडे आजाऱ्याची चौकशी फोनवर करत नाहीत. जायचं, डोळ्यांनी पाहायचं, उशाशी फळं ठेवायची आणि रडायचं. रविवारी सकाळी दोन्ही गाड्या दारात उभ्या राहिल्या. शहाळी उतरली, बिस्किटांचे पुडे उतरले, आणि उंबऱ्यावरच बायकांनी गळा काढला.

नेमका त्याच वेळी अंकुर न्हाणीतून बाहेर आला. अंगात बनियन आणि हुस्नाबीने शिवलेली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

"अरे देवा! चड्डी पाहा किती ढिली झाली!" मामी किंचाळली. "पोरगं अर्धं झालं व!"

"मामी, ते शिवलीच—"

"बोलू नको, दम लागन तुले!" नागोरावाने त्याला खुर्चीत दाबलं. "तोंड उघड."

"काहून मामा?"

"उघड म्हनतो ना!" आणि नागोरावाने तीन बोटं उभी धरून भाच्याच्या तोंडात घातली. खर्रेवाल्यांची ही घरगुती तपासणी. तीन बोटं गेली तर ठीक, नाही तर तोंड आखडायला लागलं म्हणायचं. ती गेली! आता खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण नागोरावाचा चेहरा जास्तच पडला. "म्हंजे आतून असन! बाई, याले आत्ताच नागपूरले नेऊ. धरा रे!"

चौघांनी अंकुरला खुर्चीसकट उचललं. चड्डीची नाडी सुटायला आली, म्हणून तो दोन्ही हातांनी नाडी धरून बसला. विमलताई पायाला बिलगल्या, "माह्या राजा, सांगतलं काहून नाही रे!" वरात अंगणापर्यंत पोचली, तेव्हा प्रेरणा आडवी आली.

"ठेवा त्यांना खाली! काही झालं नाही त्यांना! आम्हाला मूल पाहिजे, म्हणून चाललंय हे सगळं!"

खुर्ची धाडकन खाली आली. समोर हुस्नाबीचं मशीन थांबलं. रस्त्यावरून जाणारा जमीरसुद्धा सायकलवरून उतरून उभा राहिला.

मग लाजेने लालबुंद झालेल्या प्रेरणाने सगळं सांगितलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घाई नको. आधी तीन महिने तयारी करा. पुरुषबीज नव्याने तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. तोवर तंबाखू बंद, कढत पाणी नको, घट्ट कपडे नको, झोप वेळेवर. आणि प्रेरणाने फॉलिक ॲसिडची गोळी आतापासूनच घ्यायची.

"एवढंच?" नागोराव हिरमुसला. एवढ्या लांबून आला होता बिचारा!

"म्हणूनच नव्हतं सांगितलं आई," प्रेरणा म्हणाली. "आता दर महिन्याला गाव विचारेल."

मुलगा धडधाकट होता, म्हणून विमलताईंना आनंदाने रडू येत होतं. आणि सुनेने जपलेलं गुपित आपण चव्हाट्यावर मांडलं, म्हणून शरमेनेही. त्यांनी सुनेचा हात धरला. सुनेने तो हळूच सोडवून घेतला.

इकडे नागोरावाला तीन बोटांची हौस पुरी करायची होती. त्याने ती नानाजींच्या तोंडात घालून पाहिली. दोनच गेली! पुन्हा पाहिलं. दोनच! नानाजींचं तोंड पांढरंफटक पडलं. खिशातला खर्रा त्यांनी तिथल्या तिथे नालीत फेकला आणि सोमवारी सकाळीच तोंड दाखवायला दवाखान्यात जायचं कबूल केलं.

त्यानंतर आठ दिवस नानाजी पानठेल्याकडे फिरकले नाहीत. प्रेरणा कामापुरतंच बोलत होती. विमलताई शहाण्या झाल्या होत्या. कोणी काही विचारलं, की "मले नाही माहीत बाप्पा" म्हणून आत जात.

नवव्या दिवशी हुस्नाबी गळ्यात टेप अडकवून अंगणात आली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"विमलताई, जमीर सांगे, नानाजीनंही खर्रा सोडला! या उमरमध्ये! माशाल्ला! माप घ्यायले आली मी. चार शिवू का सहा?"

स्वयंपाकघरातून प्रेरणाच्या हसण्याचा आवाज आला. रविवारनंतर पहिल्यांदाच!

विमलताईंनी बोलायला तोंड उघडलं. तीन बोटं सहज गेली असती, पण शब्द एक बाहेर येईना.