बिबट्याचे ठिपके मोजता यावेत म्हणून

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून खांब गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीवर एक बिबट्या येऊ लागला. याबाबत त्याने कोणत्याही कार्यालयास पूर्वसूचना दिलेली नव्हती. दुपारी साडेचारच्या सुमारास तो कृष्णाबाईच्या वालाच्या शेताला लागून असलेल्या कातळावर येऊन बसे आणि दिवेलागणीच्या आधी उठून जाई. इतका वेळेचा पक्का जीव आमच्या कार्यालयात एकही नव्हता.

आमचे कार्यालय म्हणजे रोह्यातला 'वन्यप्राणी उपस्थिती पडताळणी कक्ष'. मी तिथला लिपिक. प्राणी पकडणे, हाकलणे किंवा वाचवणे ही कामे आमच्याकडे येत नाहीत. प्राणी आहे की नाही, एवढेच आम्ही ठरवतो. आम्ही 'आहे' असे लिहून दिल्याशिवाय पिंजरेवाले पिंजरा घेऊन निघत नाहीत आणि आम्ही सहसा तसे लिहून देत नाही, त्यामुळे पिंजरेही चांगले टिकले आहेत.

कृष्णाबाई पहिल्यांदा आली ती डोक्यावरचा पदर सावरत, थेट साहेबांच्या टेबलापाशी. आमचे साहेब हैबतराव हे अतिशय सभ्य गृहस्थ. आलेल्या माणसाला खुर्ची दिल्याशिवाय ते कधीही नकार देत नाहीत.

"साहेब, वाघ येतोय रोज," ती म्हणाली. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "माझ्या तीन बकऱ्या होत्या. आता दोन हायत. वाल खुरपायला आलेत आता, पण शेतात बसून हात चालत नाय. पाठीवर त्याची नजर हाय."

"बसा, कृष्णाबाई. फोटो आणलाय?"

"बकरीचा?"

"बिबट्याचा. फोटोशिवाय उपस्थिती सिद्ध होत नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा पुंडलिक धाटावच्या कारखान्यातली सकाळची शिफ्ट संपवून मोटरसायकलवरून फोटो घेऊन आला. त्याने तो घराच्या पडवीतून मोबाइलवर काढला होता. डोंगर छान आला होता. कातळ आला होता. कातळावर एक पिवळट डाग होता. साहेबांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला आणि मला शेरा लिहून घ्यायला सांगितला : 'छायाचित्रातील वस्तू बिबट्या, कुत्रा अथवा वाळत टाकलेले गोणपाट असू शकते. अंगावरील ठिपके मोजता येतील असे स्पष्ट छायाचित्र सादर करावे.'

"जवळ जाऊन काढतो उद्या," पुंडलिक म्हणाला.

साहेब दचकले. त्यांनी ड्रॉवरमधून सुरक्षा परिपत्रक काढून त्याच्यापुढे ठेवले. हिंस्र प्राण्यापासून दीडशे मीटरच्या आत जाणाऱ्या नागरिकावर कारवाई करण्याची त्यात तरतूद होती.

"म्हंजे लांबनं काढला तर चालत नाय, नि जवळनं काढायचा नाय?"

"लांबून काढायचा, पण जवळून काढल्यासारखा," साहेब शांतपणे म्हणाले. "त्यासाठी टेलीफोटो लेन्स असते."

हे वाक्य बोलून झाल्यावर साहेबांच्याच लक्षात आले की, अशी लेन्स कक्षाकडे नाही. कक्षाकडे एक कॅमेरा होता, पण तो फीत कापण्याच्या समारंभांसाठी घेतलेला असल्यामुळे दहा फुटांपलीकडचे त्याला फारसे दिसत नसे. गेली अकरा वर्षे आम्ही लोकांकडे स्पष्ट फोटो मागत होतो आणि स्वतः कधी काढून पाहिला नव्हता. साहेब मनाने खरोखरच चांगले. त्यांनी त्याच संध्याकाळी लेन्स निवड समिती नेमली.

समितीत तज्ज्ञ म्हणून पेणच्या जगनशेठना घेतले. जगनशेठचा गणपतीचा कारखाना. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी ते अजूनही स्वतः करतात. गेल्या पाचसहा वर्षांत त्यांना पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद लागला होता. शाडूच्या मातीतून सवड मिळाली की ते खिसेच खिसे असलेले खाकी जाकीट घालून पाणथळीवर जाऊन बसत. पेणमध्ये असे आणखी वीसेक जण होते. एकमेकांना भेटल्यावर ते 'कसे आहात' असे न विचारता 'सध्या किती एमएमची लेन्स' असे विचारत.

पहिल्या बैठकीत जगनशेठनी चारशेची प्राइम बरी की सहाशेपर्यंतची झूम बरी, यावर सव्वा तास व्याख्यान दिले. प्राइम लेन्स एकाच अंतरावर ठाम राहते पण चित्र धारदार देते, झूम पुढेमागे होते पण प्रकाश कमी घेते, असे काहीसे ते होते. साहेबांना ठामपणा आवडत नसल्यामुळे त्यांचा कल झूमकडे झुकला. मग त्यांनीच एक मूलभूत शंका काढली.

"दीडशे मीटरवरचा प्राणी या लेन्समधून किती लांब दिसेल?"

"बारा-तेरा मीटरवर असल्यासारखा!" जगनशेठ अभिमानाने म्हणाले.

"मग परिपत्रकाचा भंग नाही का होणार?"

दिसणारे अंतर धरायचे की असणारे, याचा खुलासा परिपत्रकात नव्हता. तो वरून मागवावा लागला. त्यात तीन आठवडे गेले. खुलासा आला तो असा : 'प्राणी लेन्समधून जवळ दिसल्यास कर्मचाऱ्याने लेन्सवरून डोळा बाजूला घेऊन अंतराची खातरजमा करावी व पुन्हा डोळा लावावा.' त्या तीन आठवड्यांत कृष्णाबाईची दुसरी बकरी गेली. तसे कळवायला ती आली होती. मी तिचा अर्ज आवक वहीत घेतला आणि तिला लेन्सची प्रगती सांगितली.

"बरं," ती म्हणाली. "ती आली की वाघ जाईल ना, भाऊ?"

"आली की वाघ दिसेल," मी म्हणालो. खोटे बोलायची मला सवय नाही.

नंतर लेन्सच्या चाचणीचा प्रश्न आला. दोन दुकानांनी दोन लेन्स पाहण्यासाठी पाठवल्या होत्या. बिबट्याच्या फोटोसाठी घ्यायची लेन्स बिबट्यावरच तपासावी, असे मी सुचवले. पण निवड झालेली नसताना प्रत्यक्ष कामाच्या जागी वापर केल्यास ती निवडच ठरेल, असा मुद्दा निघाला. म्हणून समिती धरमतरच्या खाडीवर गेली. तिथे मालाच्या बार्जवर नेम धरून फोटो काढण्यात आले. दोन्ही लेन्समधून बार्ज उत्तम आले. एका लेन्समधून तर डेकवरचा खलाशी विडी ओढताना इतका लख्ख दिसला की, साहेबांनी परत आल्यावर पहिले काम कोणते केले असेल, तर त्याच्याविरुद्ध संबंधितांना सचित्र पत्र पाठवण्याचे. त्या खलाशावर आठ दिवसांत कारवाई झाली. लेन्सच्या कामगिरीचा तो पहिला पुरावा म्हणून फाइलला जोडला आहे. हीच लेन्स निवडण्यात आली.

फेब्रुवारीच्या मध्यावर लेन्स आली. लांबीला माझ्या हाताएवढी, वजनाला तान्ह्या मुलासारखी. तिच्यासाठी तीन पायांचे तिकाटणे आले, पावसाळी टोपी आली आणि बसायला दुमडती खुर्ची आली. एका मंगळवारी दुपारी समिती वाडीवर पोहोचली.

आता दीडशे मीटर मोजायचे होते. टेपचे एक टोक आमच्याकडे राहणार हे ठरलेच होते. दुसरे टोक कातळावर धरायचे होते. बिबट्या यायला तास होता, तरी समितीतले सगळे एकमेकांकडे आदराने पाहू लागले. शेवटी पुंडलिकनेच टेप धरून कातळावर जाऊन उभे राहायचे कबूल केले. खुणेला चुना टाकला. बिबट्या साडेचारला आला आणि नेहमीच्या जागेवर न बसता वीस मीटर अलीकडच्या दगडावर बसला. परिपत्रकानुसार समिती वीस मीटर मागे सरली. मागे पाण्याचा पाट होता. साहेबांचे दोन्ही बूट त्यात गेले, पण अंतर त्यांनी सोडले नाही.

जगनशेठनी डोळा लावला. "अहाहा!" ते म्हणाले. मग साहेबांनी पाहिले, मग मी पाहिले. खरे सांगतो, मी आयुष्यात इतके सुंदर काही पाहिले नव्हते. मिशांचा एकेक केस दिसत होता. कानापाशी बसलेली माशी दिसत होती. दोन महिने ज्याच्यावर मी कागद लिहीत होतो, तो असा असेल असे वाटलेच नव्हते.

"तोंड समोर आहे. कुशीवरचे ठिपके दिसत नाहीत," साहेब म्हणाले.

"वळेल," जगनशेठ म्हणाले. "कोणी हलू नका. आवाज नको."

कृष्णाबाई मधल्या शेतात होती. शेतच तिथे असल्यामुळे तिला दुसरीकडे असता येत नव्हते. ती वालाच्या वाळलेल्या शेंगा खुडत होती आणि उरलेली बकरी बांधाशी बांधलेली होती. बिबट्या उठला. वळला. कूस दिसली.

"मिळाले!" जगनशेठ कुजबुजले आणि कॅमेरा टकटकटक वाजू लागला.

तो दगडावरून उतरला तेव्हाही कॅमेरा वाजत होता. गवतातून पोट टेकून पुढे आला तेव्हा जगनशेठ म्हणाले, "काय उजेड पडलाय!" मी नुसत्या डोळ्यांनी अंतराची खातरजमा केली. आमच्यापासून तो अजूनही बराच लांब होता. कृष्णाबाईपासून नव्हता.

ओरडायला हवे होते. माझ्या घशापर्यंत आलेही होते. पण साहेबांनी बोट ओठांवर ठेवले आणि मला शिस्त होती.

ओरडला तो पुंडलिक. पडवीतून परात वाजवत तो धावत सुटला, "उठ गो! उठ! मागं बघ!" कृष्णाबाई उठली, वळली आणि हातातला विळा तिने समोर धरला. बिबट्याने तिच्या खांद्यावर एक पंजा मारला, बकरीला धरले आणि गेला. सगळे मिळून चार श्वासांचे काम. जगनशेठनी तेवढ्यात दोनशे चौदा फोटो काढले.

तिला आमच्याच जीपमधून रोह्याला नेले. नऊ टाके पडले, इंजेक्शने झाली. हात वर जायला दोन महिने लागतील, असे डॉक्टर म्हणाले. साहेब स्वतः दवाखान्यात बसून राहिले होते, पाय ओले असताना.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या पडद्यावर ठिपके मोजले. डाव्या कुशीवर एकशे सदतीस. उपस्थिती सिद्ध झाली होती. पण त्याच फोटोत आणखी एक गोष्ट सिद्ध होत होती. अर्जदार महिला बिबट्यापासून दीडशे मीटरच्या आत, अंदाजे एका हातावर, उभी असल्याचे स्वच्छ दिसत होते. इतका स्पष्ट पुरावा कक्षाकडे यापूर्वी कधी आला नव्हता. साहेब दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी त्यांनी नोटिशीवर सही केली. "माझा नाइलाज आहे हो," ते मला म्हणाले. नोटिशीचा निकाल लागेपर्यंत पिंजऱ्याची शिफारस थांबवावी लागली, कारण एकाच अर्जदारावर कारवाई आणि मेहेरबानी एकत्र करता येत नाही.

जगनशेठचा फोटो मात्र मार्गी लागला. त्यांनी तो कडेने कापून घेतला. त्यात झेपावणारा बिबट्या राहिला आणि खाली कोपऱ्यात कृष्णाबाईचे कोपर राहिले, जे बघणाऱ्याला वाळकी फांदी वाटे. फोटोला कुठलेसे पहिले बक्षीस मिळाले. पेणला प्रदर्शन भरले. कृष्णाबाईही पुंडलिकबरोबर पाहायला आली होती, हात गळ्यात बांधून. दोन तास ती त्या फोटोजवळ उभी होती. शेकडो माणसे आली, आणि एकूण एक माणसाने एकच प्रश्न विचारला : लेन्स कोणती?

त्यानंतर दर रविवारी वाडीवर गाड्या येऊ लागल्या. माझ्या हाताएवढ्या, माझ्या पायाएवढ्या लेन्स आल्या. वालाच्या शेतात तिकाटणी रोवली गेली. त्यातल्या कुणाचेही दीडशे मीटर कुणी मोजले नाहीत, कारण त्यांनी आमच्याकडे अर्ज केलेला नव्हता. तिसऱ्या रविवारी बिबट्याला हे सगळे असह्य झाले असावे. तो डोंगर ओलांडून गेला तो परत आला नाही.

मग मात्र तक्रारी आल्या. बिबट्या येत नसल्याच्या. चाळीस छायाचित्रकारांनी सह्या केल्या, प्रत्येकाने स्पष्ट फोटो जोडले. कागदपत्रांत एकही त्रुटी नसल्यामुळे फाइल चार दिवसांत वर गेली आणि खाली आली. बिबट्यास पूर्ववत येण्यास प्रवृत्त करण्यासाठी आवश्यक ती उपाययोजना स्थानिकांच्या सहकार्याने करावी, असा आदेश झाला.

स्थानिक म्हणजे कृष्णाबाई. साहेब, जगनशेठ आणि मी तिच्या अंगणात जाऊन बसलो. तिने डाव्या हाताने पाणी दिले.

"मावशी, फार नाही," जगनशेठ गोडीने म्हणाले. "रविवारी चार वाजता त्या बांधावर एक बकरी बांधायची. तेवढ्या वासावर तो परत येईल बघा."

"बकरी नाय उरली एक पण," कृष्णाबाई म्हणाली. "मी बसू काय?"

जगनशेठ खो खो हसले. साहेबही हसले, एरवी ते हसत नाहीत. मीही हसलो, आणि आत्ता वाचताना तुमच्याही ओठांवर थोडेसे हसू आले असेल. एकटी कृष्णाबाई हसली नव्हती. पाण्याचा तांब्या हातात धरून ती उत्तराची वाट पाहत उभी होती.