चार बोटं जास्त

दंतवैद्यांनी जीप उंच करून घेतली ती काही डोंगर चढायला नव्हे. सासूबाईंना चढता येऊ नये म्हणून.

यात सासूबाईंचा तसा दोष काहीच नव्हता. त्या, त्यांचे चिरंजीव, म्हणजे दंतवैद्यांचे मेहुणे, आणि सून शेजारच्याच घरात राहायचे. दंतवैद्य सकाळी दवाखान्याला निघाले, की सासूबाईंना बाजारात जायचं असायचं आणि मेहुण्यांना व्यायामशाळेत. वाटभर दोघांचं बोलणं अखंड चालू. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघायची, निदान जाता-येता तरी ती बंद असावीत, एवढीच दंतवैद्यांची इच्छा होती. पण हे सासूबाईंना सांगायची काही त्यांची छाती नव्हती.

म्हणून त्यांनी गॅरेजवाल्याला गाठलं. त्याने लिफ्ट किट बसवून जीप वर उचलली आणि खाली ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले. सासूबाईंनी एकदा पाय टाकून पाहिला, पोहोचेना, तेव्हा "बरं, आम्ही जाऊ बसने," म्हणून त्या निमूट घरात गेल्या. दंतवैद्य एकटेच गुणगुणत दवाखान्यात जाऊ लागले. आठवडा मोठा सुखात गेला. मग एका चौकात पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं.

"डॉक्टर, तुमचा बंपर लोकांच्या काचेला लागेल. तपासणीला न्या. नापास झाली तर गाडी जप्त."

गॅरेजवाल्याने टेप लावली. बंपर कायद्याच्या मर्यादेपेक्षा चार बोटं वर होता.

"मग जुन्या स्प्रिंगा परत घाल," दंतवैद्य म्हणाले.

"त्या भंगारात गेल्या की. नव्या यायला तीन महिने."

"आणि टायरमधली हवा काढली तर?"

"एखादं बोट उतरेल. बाकीच्याला वजन पाहिजे. तपासणीवाले सामान उतरवायला लावतात, माणसं बसलेली चालतात." गॅरेजवाल्याने जरा विचार केला. "पण खात्यापित्या घरची आणा."

दंतवैद्यांच्या डोळ्यांसमोर लगेच दोन चेहरे उभे राहिले.

"आई, उद्या जीपमधून येता का जरा?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या. "आज सूर्य कुठे उगवला होता? आणि चढू कशी मी?"

"खुर्ची लावतो ना. तुमच्याशिवाय करमत नाही हो."

बायकोने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. सासूबाईंचे डोळे मात्र भरून आले, आणि दंतवैद्यांना उगाच स्वतःची लाज वाटली.

तपासणीला सासूबाई पुढे, मेहुणे मागे. जीप बिचारी गुडघ्यात वाकली. निरीक्षकांनी टेप लावली. बंपर मर्यादेत, अगदी काठावर.

"ठीक आहे. आता सगळे उतरा."

सगळे उतरले. जीपने हुश्श करून अंग वर घेतलं. निरीक्षकांनी पुन्हा टेप लावली आणि चष्मा पुसला.

"ही माणसं रोज असतात गाडीत?"

"रोज," सासूबाईच बोलल्या. "जावईबापूंना आमच्याशिवाय करमत नाही."

निरीक्षकांनी दंतवैद्यांकडे पाहिलं. नाही म्हणावं तर जीप जाणार. दंतवैद्यांनी मान डोलावली.

"मग नव्या स्प्रिंगा येईपर्यंत परवानगी देतो. पण हे दोघं बसलेले असतील तरच. एकटे सापडलात तर गाडी जप्त."

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य बाहेर आले, तर खुर्ची जीपला लागलेली आणि मंडळी केव्हाच स्थानापन्न. मागे मेहुण्यांच्या शेजारी आणखी एक भारदस्त बाई दिसत होत्या.

"काल अगदी काठावर सुटलो ना आपण," सासूबाई म्हणाल्या, "म्हटलं, कायद्याला कमी पडायला नको. म्हणून ह्याच्या सासूबाईंना बोलावून घेतलं. रोज येते म्हणाल्या."

दंतवैद्यांनी आरशात पाहिलं. मेहुणे खिडकीला चिकटून बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होते.