आर्जव बोलला त्याची गोष्ट

"एका महिन्यात आर्जवला बोलतं करते! न्हाई केलं तर नाव बदलीन!"

असं सृष्टीनं सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं आणि तिथंच फसली. सांगलीतल्या त्या विशेष मुलांच्या शाळेत दर रविवारी कॉलेजची मुलं यायची. प्रत्येकानं एका मुलाशी दोस्ती करायची, असा उपक्रम. सृष्टीच्या वाट्याला आला नऊ वर्षांचा आर्जव. स्वमग्न मुलगा. तो बोलायचा नाही, नजरेला नजर द्यायचा नाही आणि उघडी कडी दिसली की ती लावल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. मग ते कपाट असो, फाटक असो, नाहीतर रस्त्यात उभ्या असलेल्या टेम्पोचा फाळका!

खरं तर बोलतं व्हायची गरज सृष्टीलाच होती. वडील लष्करात, आई रहिमतपुरात आणि ही अकरावीसाठी सांगलीत हॉस्टेलवर. पहिल्याच आठवड्यात ती वर्गातल्या प्राचीला म्हणाली, "लय भारी हाय तुजा ड्रेस!" झालं! प्राची आणि तिच्या मैत्रिणी "लय भारी हाय" म्हणत पोट धरधरून हसल्या. तेव्हापासून सृष्टी कॉलेजात गप्प. मेसमध्येसुद्धा भिंतीकडं तोंड करून जेवायची. वरण वाढणाऱ्या मावशी "अजून वाढू?" म्हणायच्या, तेवढाच काय तो दिवसभराचा संवाद!

महिना सरत आला. तिनं गाणी म्हटली, बेडूकउड्या मारल्या, कोंबडा होऊन आरवली. आर्जव ढिम्म!

शाळेचं स्नेहसंमेलन आलं. उपक्रमातली मुलं स्टेजवर धावपळ करत होती, सूत्रसंचालन प्राचीकडं. सृष्टी चेंडू आणायला मागच्या सामानाच्या खोलीत गेली. आर्जव तिच्या मागोमाग दारापर्यंत आला. दाराची बाहेरची कडी लोंबत होती.

खट्ट!

"आर्जव! आरं कडी काढ की रं!"

लावलेली कडी काढायची हे आर्जवच्या शास्त्रात बसत नव्हतं. तो दाराला टेकून बाहेर बसला. सृष्टीचा मोबाईल ऑफिसात चार्जिंगला, आणि हॉलमधले स्पीकर असे कोकलत होते की तोफ उडाली असती तरी कुणाला कळलं नसतं! गाणं थांबलं तेवढ्यात माइकवरून शाळेच्या राजेश्वरी मॅडमचा आवाज आला, "सगळे स्वयंसेवक आले का?"

"हो, सगळे आले!" प्राचीनं ठणठणीत उत्तर दिलं.

सृष्टी मटकन सतरंज्यांच्या ढिगावर बसली. दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून अर्धं बिस्कीट हळूच आत सरकलं.

तिला एकदम भरून आलं. "आर्जव, मला सांगलीत एक बी मैत्रीण न्हाई रं. त्या प्राचीला ड्रेस भारी हाय म्हनलं, तर हसत सुटली! हॉस्टेलात माज्याशी कोण बोलत न्हाई."

बाहेरून बारीक आवाज आला, "कोण बोलत न्हाई."

सृष्टी ताडकन उठली. आर्जव बोलला! तेवढ्यात पावलं वाजली. नातू कुठं गेला म्हणून त्याची आजी, आक्काताई, कासावीस झाली होती आणि मॅडम तिला घेऊन त्याला शोधत आल्या होत्या.

"मॅडम! मी आत हाय!" सृष्टी आतून ओरडली, पण ते दाराला टेकलेल्या आर्जवलाच ऐकू गेलं.

"मॅडम! मी आत हाय!" आर्जव दुप्पट ओरडला.

"बोलला!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी. "आक्काताई, ऐकलंत? 'मी आत आहे'! म्हणजे मनाच्या आत! केवढं खोल बोलला!"

सृष्टीनं दारावर धबाधबा बुक्क्या मारल्या. पण पुढचं गाणं सुरू झालं होतं, आणि मॅडम आर्जवला घेऊन धावतच स्टेजवर पोचल्या. गाणं बंद, माइक त्याच्या तोंडासमोर. अख्खा हॉल श्वास रोखून बसला.

"मला सांगलीत एक बी मैत्रीण न्हाई रं," आर्जव म्हणाला.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"त्या प्राचीला ड्रेस भारी हाय म्हनलं, तर हसत सुटली! हॉस्टेलात माज्याशी कोण बोलत न्हाई."

माइक धरलेल्या प्राचीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. आक्काताई उठून उभी राहिली. "आवं मॅडम, आमचा आर्जव कवा ऱ्हायला हॉस्टेलात? ती रहिमतपूरची पोर कुठाय?"

दार उघडलं तेव्हा समोर सगळी शाळा! सृष्टीच्या केसांत जळमटं, हातात अर्धं बिस्कीट. सगळ्यांची ती कीव करणारी नजर बघून तिला वाटलं, परत आत जावं.

प्राची "सॉरी" म्हणाली. दोन दिवस तिच्याशेजारी बसून जेवली. दोघींना बोलायला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी ती आपल्या टेबलावर परत गेली, आणि सृष्टी भिंतीकडं.

शनिवारी आक्काताईचा फोन आला. "पोरी, त्या दिवसापास्नं आर्जवनं तोंड उघडलं न्हाई बघ. मी सोता न्हाणीघरात कोंडून घेतलं, दाराआडनं घसा फुटस्तोवर बोलले. फुकट! त्याला तूच लागतीस वाटतं. उद्या येतीस का कोंडून घ्यायला?"

सृष्टी फोन घेऊन व्हरांड्यात आली.

"जेवूनच जा. आमी जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतंय, तवर बस निवांत."

सांगलीत आल्यापासून तिला कुणी घरी बोलावलं नव्हतं.

"आवं, दुपारीच येते की!" सृष्टी घाईघाईनं म्हणाली. "न्हाणीघरात बसायला पाट असंल न्हवं?"