परिचारिकेच्या दारातला परग्रहवासी

"ताई, माझी निळी वही कुठंय?"

"गादीवर लोळत होती ती? चादरीत गुंडाळून गेली असेल इस्त्रीला," वाटाणे सोलता सोलता ताई म्हणाली.

लेखक मटकन खाली बसला. पृथ्वीवर चालून आलेल्या परग्रहवासीयांच्या कादंबरीचा दुसरा भाग उद्या प्रकाशकाला द्यायचा होता, आणि शेवट सहा महिने हुलकावणी देत होता. पण वही हरवण्याहून ती सापडणे अधिक भयंकर होते. माणसाचे सोंग घेतलेले परग्रहवासी रंगवता यावेत म्हणून त्याने तीत सबंध इमारतीच्या नोंदी केल्या होत्या. 'तळमजल्यावरची परिचारिका: पापणी लवत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर: नुसते दात हसतात, डोळे नाहीत. संशय दाट.'

"मग जा की मागायला!"

"माझी आहे म्हणून सांगू?"

"नाव नाही का घातलंस?"

"घातलंय. तेच तर!"

जिन्यात मास्तर भेटले. एरवी हसणारे मास्तर आज ओठ घट्ट मिटून, अंग चोरून निघून गेले. लेखक घाईने खाली उतरला. तळमजल्यावर परिचारिका दारातच उभी होती आणि त्याच्याकडे पाहत भराभर पापण्या मिचकावत होती.

"डोळ्यांत काही गेलं का?" त्याने चाचरत विचारले.

"छे हो! लवते आमची पापणी. म्हटलं, बघून घ्या एकदा."

फाटकापाशी इस्त्रीवाले काका वाटच पाहत होते. "घ्या. पानं चुरगळली होती, एकेक करून इस्त्री मारलीय."

"तुम्ही... वाचलीत?"

"मी कशाला वाचू? तुमचं अक्षर लागतंय कुणाला! मास्तरांनी वाचून दाखवली."

"तुम्हाला एकट्यालाच ना?"

"तशी पंधरा-वीस माणसं होती." काकांनी कपाळ पुसून ओला हात त्याच्यापुढे धरला. "आणि हा बघा घाम. 'धगीत उभा, तरी कोरडा' म्हणे!"

लेखकाने मान खाली घालून वही उघडली. शेवटचे कोरे पान आता कोरे नव्हते. मास्तरांच्या वळणदार अक्षरात तिथे एक नोंद होती: 'वरच्या मजल्यावरचा लेखक: कुणाशी बोलत नाही. भिंतीकडे पाहून ओठ हलवतो. तीन वर्षांत एकाही घराचा उंबरा ओलांडलेला नाही. सर्वांवर नजर ठेवतो. संशय नाही, खात्री.'

त्याने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. नोंदी ठेवणाराच परका! सहा महिने दाराबाहेर ताटकळलेला शेवट असा आयता समोर उभा होता. आणि आनंद व्हायचा सोडून, तीन वर्षांत आपण कुणाच्या घरी गेलो होतो का, हे तो आठवू लागला.

पानाच्या तळाशी दुसऱ्या, घाईच्या अक्षरात एक ओळ होती: 'तरी एकदा चहाला बोलावून बघू या. – तळमजला.'

काकांनी डोळ्यांनीच परिचारिकेचे दार दाखवले. लेखकाने वही काखेत मारली, जाऊन घंटी वाजवली. आणि आतून पावले वाजली तसे त्याने घाईघाईने दोनदा पापण्या मिचकावून पाहिल्या.