संस्थापकांमागे लागलेलं ‘कै.’

प्रकाशनसंस्थेच्या इतिहासाची प्रत उघडली आणि मुद्रितशोधक बाईंचा चहा बशीत सांडला. पान तीन: ‘कै. संस्थापकांनी एका खोलीत तत्त्वज्ञानाची पुस्तकं छापायला सुरुवात केली.’

संस्थापक दोन. एक वारले होते, पण दुसरे, सगळ्यांचे दादा, शहाऐंशीव्या वर्षी ठणठणीत होते आणि तासाभरात या पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाला येणार होते.

“अहो, हे काय करून ठेवलंय?” बाईंनी व्यवस्थापकांना गाठलं.

“गेलेल्या संस्थापकांच्या नावामागे ‘कै.’ लावायचं राहिलं होतं,” ते पुटपुटले. “संगणकाला सांगितलं, ‘संस्थापक’ दिसेल तिथे लाव. त्याने लावलं.”

पान चाळीसवर तर ‘कै. संस्थापक आजही रोज सकाळी कार्यालयात येतात’ असं छापलं होतं. एकतीस वर्षं बाईंनी मोठमोठ्या विचारवंतांच्या वेलांट्या सरळ केल्या होत्या. या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ मात्र ‘आपलाच तर इतिहास’ म्हणून न वाचता सोडलं होतं.

“निदान व्यासपीठावरच्या प्रती तरी सुधारू,” व्यवस्थापक म्हणाले. त्यांनी ब्लेडने ‘कै.’ खरवडलं. कागदाला भोक पडलं आणि मागच्या पानावरचं ‘अस्तित्व’ नाहीसं झालं. मग बाईंनी दुसऱ्या प्रतीवर पांढरी शाई फिरवली. ती वाळायच्या आत पुस्तक मिटलं गेलं, आणि संस्थेची मधली चाळीस वर्षं काही केल्या उघडेनात.

तेवढ्यात दारात काठी वाजली. दादा अर्धा तास आधीच हजर!

त्यांनी गठ्ठ्यातली प्रत उचलली, चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागले. व्यवस्थापक टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकले, ते वाकलेलेच राहिले.

“दादा, चूक माझी आहे,” बाई पुढे होऊन म्हणाल्या. “शेवटचं प्रूफ मी वाचलंच नाही.”

दादांनी पान उलटलं. “कशाने गेलो, ते नाही लिहिलंत?”

“दादा!”

“पण मेल्यावरही रोज कामावर येतो, हे बरं लिहिलंय.” आणि ते खांदे हलेपर्यंत हसले. बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसता पुसता त्याही हसायला लागल्या.

“दुसऱ्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करू,” टेबलाखालून आवाज आला.

“आपल्या पुस्तकांची दुसरी आवृत्ती किती वर्षांनी निघते?”

“साधारण... वीस.”

दादांनी बोटांवर आपल्या वयाचा हिशोब केला.

“चालेल,” ते म्हणाले. “तेव्हाचं प्रूफ मी स्वतः वाचीन.”